बालआधार अनुदान : दक्षिण आफ्रिकेतील कुटुंबांचा खर्च

दक्षिण आफ्रिकेत गरीब घरातील मुलाच्या संगोपनासाठी सरकार दरमहा जी रोख रक्कम देते, तिला बालआधार अनुदान म्हणतात. एप्रिल १९९८ मध्ये दरमहा १०० रँडने ते सुरू झाले. एप्रिल २०२५ मध्ये ते ५६० रँड झाले. भारतीय चलनात ही रक्कम त्या वेळी अडीच ते तीन हजार रुपयांच्या दरम्यान भरत होती. सुमारे १ कोटी ३० लाख मुलांच्या नावे, म्हणजे देशातील निम्म्याहून अधिक मुलांच्या नावे, ते घराघरांत पोचते. पैसे मुलाच्या भल्यासाठी वापरावेत एवढीच कायद्याची अपेक्षा आहे. कोणी पावत्या मागत नाही, काय घ्यावे याची यादी देत नाही. म्हणूनच हे पैसे घरात आल्यावर नेमके कुठे जातात, यावर गेली पंचवीस वर्षे वाद होत आहेत आणि संशोधनही होत आहे.

वर्णभेदाच्या काळात ‘राज्य निर्वाह अनुदान’ नावाची एक योजना होती. ती गोऱ्या, मिश्रवर्णीय आणि भारतीय वंशाच्या आयांना मिळे. कृष्णवर्णीय आफ्रिकी आयांपर्यंत ती जवळपास पोचतच नसे. लोकशाही आल्यावर तीच योजना सर्वांना लागू करणे परवडणार नाही, असा हिशेब मांडला गेला. १९९५ च्या अखेरीस सामाजिक धोरणाच्या अभ्यासक फ्रान्सी लुंड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. रक्कम लहान ठेवावी, पण ती अधिक मुलांपर्यंत न्यावी, असा मार्ग समितीने सुचवला. जुनी योजना टप्प्याटप्प्याने बंद झाली. ज्यांना ती मिळत होती त्या घरांचे मोठे नुकसान झाले आणि समितीवर त्याबद्दल कडक टीका झाली. ती टीका अनाठायी नव्हती. पण ज्या लाखो घरांनी सरकारकडून मुलासाठी कधी एक रँडही पाहिला नव्हता, तिथे पैसे पोचू लागले ते या निर्णयामुळे.

समितीची आणखी एक सूचना फार दूरचा विचार करणारी होती. अनुदान आईलाच किंवा वडिलांनाच द्यायचे, असे न ठरवता मूल ज्याच्या हाती वाढते त्या व्यक्तीला ते द्यावे, असे ठरले. खाणी, मळे आणि शहरांतील घरकाम यांच्यामागे आईबाप दूर जाणे आणि मूल गावी आजीपाशी वाढणे हे दक्षिण आफ्रिकेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले वास्तव आहे. त्यामुळे अनुदान मुलाच्या मागोमाग जाते. मूल आईकडून आजीकडे (तिथल्या बोलीत गोगोकडे) राहायला गेले, तर पैशांनीही तिकडे जावे अशी रचना आहे. प्रत्यक्षात नाव बदलण्याच्या खेपा घालाव्या लागतात आणि कधी अनुदान काढण्याचे कार्ड आईच्या पाकिटात, मूल आजीच्या ताटावर, अशी ओढाताण होते. अनुदान घेणाऱ्यांत जवळजवळ सगळ्या स्त्रियाच आहेत. मुलांची वयोमर्यादा सुरुवातीला ७ वर्षांखालील होती. ती वाढत वाढत २०१२ पर्यंत १८ वर्षांपर्यंत आली. एकट्या पालकाचे मासिक उत्पन्न अनुदानाच्या दहापटीपेक्षा कमी असावे लागते. जोडप्यासाठी ही मर्यादा दुप्पट आहे.

खर्चाचा पहिला आणि सर्वांत मोठा धनी म्हणजे अन्न. यावर सगळे अभ्यास एकमुखी आहेत. महिन्याच्या सुरुवातीला आधी वृद्धांचे, दुसऱ्या दिवशी अपंगांचे आणि तिसऱ्या दिवशी मुलांचे अनुदान जमा होते. पैसे एटीएममधून काढता येतात किंवा मोठ्या किराणा दुकानांच्या काउंटरवरच मिळतात. त्या आठवड्यात दुकाने मक्याचे पीठ, तांदूळ, तेल, साखर आणि मैदा यांचे एकत्र बांधलेले स्वस्त संच मांडतात. अनुभवी बाई एका दुकानात सगळे घेत नाही. कुठे तेल स्वस्त, कुठे पीठ, हे ती जाहिरातींच्या कागदांवरून आधीच ताडून ठेवते. सामान जड असते आणि टॅक्सीचे (तिथे टॅक्सी म्हणजे अनेकांनी मिळून वापरायची मिनीबस) भाडे वेगळे पडते, म्हणून शेजारणी मिळून जातात.

पीटरमारित्झबर्ग येथील ‘इकॉनॉमिक जस्टिस अँड डिग्निटी’ हा गट वस्त्यांमधील स्त्रियांबरोबर दर महिन्याला किराणा मालाच्या किमती टिपतो. त्याच्या नोंदींमधून खरेदीचा एक क्रम स्पष्ट होतो. वीज आणि प्रवास हे खर्च टाळता येत नाहीत, म्हणून ते पैसे आधी बाजूला निघतात. मग पोट भरणारे जिन्नस येतात: मक्याचे पीठ, तांदूळ, मैदा, साखर, तेल. शिजवायला काहीतरी हवेच, म्हणून हे आधी. मांस, अंडी, दूध, भाजी आणि फळे यांची पाळी शेवटी येते, आणि तोवर पाकिटात फारसे उरलेले नसते. मुलाला काय खायला हवे हे या बायांना नीट ठाऊक असते. २०२४ मध्ये एका मुलाच्या सकस आहाराचा मासिक खर्च या गटाने ९०० रँडच्या वर धरला होता. त्या वर्षी अनुदान होते ५३० रँड. सरकारी सांख्यिकी विभागाने त्याच वर्षी माणशी अन्नदारिद्र्यरेषा ७९६ रँड ठरवली होती. म्हणजे ज्या रकमेखाली माणसाला पुरेसे अन्नही घेता येत नाही असे सरकार स्वतः सांगते, त्या रकमेच्या दोन तृतीयांशच पैसे सरकार मुलाच्या हाती देते. आईच्या निवडीबद्दल बोलताना हा आकडा विसरणे मला अन्यायाचे वाटते.

करव्यवस्थेचाही या निवडीवर परिणाम होतो. मक्याचे पीठ, ब्राउन ब्रेड, तांदूळ, सुकी कडधान्ये, दूध, अंडी, ताजी भाजी आणि फळे यांवर मूल्यवर्धित कर नाही. एप्रिल २०१९ पासून सॅनिटरी पॅड आणि मैदाही करमुक्त झाला. पण या घरांत सर्वांत जास्त खाल्ले जाणारे मांस म्हणजे कोंबडी, आणि तिच्यावर १५ टक्के कर आहे. तान्ह्या मुलाच्या डायपरवरही तेवढाच कर आहे.

हे पैसे फक्त त्या मुलाच्या तोंडी जातात का? नाही, आणि जाऊ शकतही नाहीत. देशातील बेरोजगारी ३० टक्क्यांच्या वर आहे. अनेक घरांत नियमित येणारा पैसा म्हणजे मुलांचे अनुदान आणि आजीचे वृद्धापकाळ अनुदान, जे २०२५ मध्ये २,३०० रँडच्या आसपास होते. दोन्ही एकाच डब्यात पडतात. मक्याच्या पिठाची घट्ट लापशी (तिथे तिला ‘पॅप’ म्हणतात) शिजते ती एका पातेल्यात. त्यातून अनुदानवाल्या मुलाचा घास वेगळा काढता येत नाही. काम नसलेला मामा, शाळा सुटलेली मावशी, अनुदानाच्या वयातून नुकताच बाहेर पडलेला मोठा भाऊ, सगळे त्याच पातेल्यातून जेवतात. टीकाकारांना यात गैरवापर दिसतो. घर चालवणाऱ्या बाईच्या दृष्टीने मात्र घर टिकले तरच मूल टिकते.

अन्नानंतर शाळेचा खर्च येतो. २००७ पासून गरीब भागांतील शाळा फी घेत नाहीत आणि राष्ट्रीय शालेय पोषण कार्यक्रमातून ९० लाखांहून अधिक विद्यार्थ्यांना जेवण मिळते. तरीही गणवेश, काळे बूट, वह्या आणि शाळेपर्यंतची टॅक्सी उरतेच. शाळेचे वर्ष जानेवारीत सुरू होते. नाताळचा खर्च होऊन गेलेला असतो आणि गणवेश समोर उभा असतो. महिन्याच्या अनुदानातून एकदम बूट निघत नाहीत, म्हणून बायका स्टोकवेलमध्ये पैसे टाकतात. स्टोकवेल म्हणजे आपल्याकडील भिशीसारखा ओळखीच्या माणसांचा गट. काही गटांत आळीपाळीने एकेकीला रक्कम मिळते. काहींत वर्षभर साठवून डिसेंबरात किराणा आणि पैसे वाटले जातात. दुकानदाराकडे गणवेश आधी बाजूला ठेवून तो हप्त्याहप्त्याने सोडवण्याचीही पद्धत आहे. इतक्या थोड्या रकमेतूनही बचत निघते, हे वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या संशोधकांनी पुन्हा पुन्हा नोंदवले आहे.

जोहान्सबर्ग विद्यापीठातील लैला पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोवेटोतील डूर्नकॉप वस्तीत या प्रश्नाचा बारकाईने अभ्यास केला. पैसे कशावर खर्च करायचे हे तिथे बहुतेक घरांत बाईच ठरवत होती आणि अन्न व शाळा हेच खर्चाचे मुख्य धागे होते. हाती स्वतःचे पैसे आल्याने बायकांचे घरातले वजन वाढले. पण मुलांचे सगळे ओझेही त्यांच्याच खांद्यावर राहिले. वडिलांचा वाटा त्यामुळे वाढला नाही. अनुदानाकडून जे काम अपेक्षितच नव्हते ते त्याने केले नाही, एवढाच याचा अर्थ. तरी धोरण आखणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवे.

अनुदान पुरत नाही तेव्हा कर्ज येते. वस्तीतला मशोनिसा, म्हणजे खासगी सावकार, महिना संपताना पैसे देतो आणि व्याज जबर लावतो. पुष्कळदा तो अनुदानाचे कार्ड आणि पिनच तारण म्हणून ठेवून घेतो. पैशांच्या दिवशी तो आधी आपले वळते करतो, मग उरलेले बाईच्या हाती देतो. बँका आणि कंपन्यांनी यापेक्षा सफाईदार मार्ग शोधले. २०१२ पासून देशभरचे वाटप ‘कॅश पेमास्टर सर्व्हिसेस’ या खासगी कंपनीकडे होते. त्या काळात खात्यात पैसे येताच मोबाइलचे बॅलन्स, वीज, कर्जाचे हप्ते आणि अंत्यविधीचा विमा यांच्या नावे कपात होऊ लागली. अनेक बायकांनी आपण असे काही मागितलेच नव्हते असे सांगितले. ‘ब्लॅक सॅश’ या जुन्या हक्कसंघटनेने त्याविरुद्ध मोहीम उभारली. संविधान न्यायालयाने नोव्हेंबर २०१३ मध्ये तो कंत्राटी निर्णयच अवैध ठरवला, पण दुसरी व्यवस्था तयार नसल्याने कंपनीचे काम २०१८ पर्यंत चालू राहिले. २०१६ मध्ये नियम बदलून मुलांच्या अनुदानातून अंत्यविधी विम्याची कपात बंद करण्यात आली. खर्चाची निवड कुटुंब करते असे आपण सहज म्हणतो. या काळात कित्येक आयांच्या हातून ती निवड पैसे हाती पडण्याआधीच काढून घेतली गेली होती.

याउलट, सार्वजनिक चर्चेत दोषी ठरते ती आईच. ती पैसे केस सजवण्यावर उडवते, दारूवर उडवते, अनुदानासाठीच मुली लवकर गरोदर राहतात, असे आरोप रेडिओवर, चर्चमध्ये, टॅक्सीत सर्रास ऐकू येतात. खुद्द अनुदान घेणाऱ्या बायकाही शेजारणींबद्दल असे बोलतात. असे प्रसंग घडत नाहीत असे नाही. पण किशोरवयीन गर्भधारणेचा आणि अनुदानाचा संबंध मानव विज्ञान संशोधन परिषदेच्या २००६ च्या अभ्यासात आढळला नाही. कोवळ्या वयाच्या आया तर अनुदान घेण्यात मागेच असल्याचे दिसले. आणि केसांबद्दल बोलायचे तर, नोकरीच्या मुलाखतीला जाणाऱ्या बाईने नीटनेटके दिसणे, तिच्या फोनमध्ये बॅलन्स असणे, टॅक्सीला पैसे असणे, हेही मुलाच्या भाकरीशीच जोडलेले आहे.

परिणामांबद्दलचा पुरावा आशादायक आहे. क्वाझुलू-नाताळ प्रांतातील घरांच्या अभ्यासात, लहान वयात दीर्घकाळ अनुदान मिळालेल्या मुलांची उंची वयाच्या मानाने अधिक चांगली वाढल्याचे दिसले. सामाजिक विकास विभाग, अनुदान वाटणारी ‘सासा’ ही संस्था आणि युनिसेफ यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मूल्यमापनात लवकर नोंदणी झालेल्या मुलांचे शिक्षण पुढे गेलेले आढळले आणि किशोरवयीन मुलांमध्ये दारू, नशा व लवकर लैंगिक संबंध यांचे प्रमाण कमी दिसले. शाळेतील हजेरीची अट नियमांत आहे, पण ती मोडली म्हणून पैसे थांबत नाहीत. समाजसेवकाने घरी जाऊन चौकशी करावी असे अपेक्षित आहे. मेक्सिको आणि ब्राझीलच्या योजनांत अटी बऱ्याच कडक ठेवल्या गेल्या. दक्षिण आफ्रिकेचा अनुभव सांगतो की पहारा न ठेवताही आया पैसे मुलांसाठीच वापरतात.

असे असूनही २०१६ च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील २७ टक्के मुलांची उंची खुंटलेली आढळली. याचे एक कारण अनुदान तोकडे असणे, हे वर आलेच आहे. दुसरे कारण ते उशिरा सुरू होण्याचे. जन्मदाखला, आईचे ओळखपत्र आणि सरकारी कार्यालयातील रांगा यांत अनेक बाळांचे पहिले कित्येक महिने निघून जातात. अनाथ मुलांना सांभाळणाऱ्या नातेवाइकांसाठी २०२२ पासून वाढीव रक्कम सुरू झाली आहे. मात्र गरोदरपणापासून अनुदान द्यावे, म्हणजे आईचा आहार आणि दवाखान्याच्या खेपा त्यातून भागतील आणि जन्माच्या दिवशीच बाळाचे नाव यादीत असेल, ही बालहक्क संघटनांची मागणी अनेक वर्षांची आहे.