कोळशासाठी उघडलेली वही: फ्लॅटहेडमधल्या बुल ट्राउटच्या गणतीची पार्श्वभूमी

ट्राउट म्हटलं की आपल्याला मनाली नाहीतर काश्मीर आठवतं. तिथले ब्राउन आणि रेनबो ट्राउट इंग्रजांच्या काळात बाहेरून आणून सोडलेले. अमेरिकेच्या मोंटाना राज्यातला बुल ट्राउट मात्र अस्सल तिथला, आणि बाहेरून आणलेल्यांनीच त्याला कोपऱ्यात ढकललं. फ्लॅटहेड नदीच्या पाणलोटात त्याची गणती चार दशकांहून जास्त काळ चालू आहे. ती सुरू झाली ती मात्र कोळशाच्या धास्तीने.

१९७०च्या दशकात कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, सरहद्दीच्या जरा वर, केबिन क्रीकपाशी उघड्या कोळसा खाणीचा प्रस्ताव आला. फ्लॅटहेडचा उत्तर फाटा तिथूनच दक्षिणेला मोंटानात उतरतो. खाण त्यांची, गाळ आपल्याकडे, अशी चिंता अमेरिकेच्या बाजूला वाढली. काय बिघडेल हे सांगायचं तर आधी काय आहे हे माहीत हवं, म्हणून केंद्रीय पर्यावरण संस्थेच्या पैशातून साऱ्या खोऱ्याचा अभ्यास सुरू झाला. त्यात मासेही आले. बुल ट्राउट ही डॉली व्हार्डन या भाऊबंद माशापेक्षा वेगळी जात आहे, हे शास्त्रीयदृष्ट्या मांडलं गेलं तेही १९७८ साली. त्याआधी दोघांची एकत्रच नोंद व्हायची. शिवाय इतर माशांची पिल्लं खातो म्हणून हा मासा बदनाम होता. त्याची मोजदाद कोण कशाला करील?

मोजतात ती घरटी, मासे नव्हेत. शरद ऋतूत पाणी साधारण नऊ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की मादी आडवी होऊन शेपटीचे फटकारे मारते, खडीतला गाळ उडवते, खड्ड्यात गाभोळी सोडते आणि वरच्या अंगाची खडी उकरून तो बुजवते. शेवाळी, काळपट तळात धुतल्यासारखा फिकट पट्टा उरतो. पुढे खळगा, मागे उंचवटा. मासा लपतो, पट्टा काही आठवडे तसाच राहतो. अंडी हिवाळाभर खडीखाली असतात, म्हणून बारीक गाळ बसला की त्यांना प्राणवायू मिळत नाही. ही नदी ज्याला मिळते त्या फ्लॅटहेड तलावातले काही मासे अंडी घालायला दोनशेहून जास्त किलोमीटर वर चढतात, काही तर कॅनडात जातात. उत्तर फाट्याचे बिग, कोल, व्हेल, ट्रेल आणि मधल्या फाट्याचे मॉरिसन, ग्रॅनाइट, लॉजपोल, ओल असे आठ ओढे नमुना म्हणून ठरले. माणसं ओढ्यातून पायी चालत घरटी टिपतात.

पद्धत स्वस्त आहे, बिनचूक नाही. शेजारच्या आयडाहो राज्यात एकच ओढा अनेकांना मोजायला दिला, तर कोणी खऱ्या संख्येच्या एक तृतीयांशही टिपली नाहीत, कोणी दुपटीहून जास्त. एकावर एक घरटी पडतात, जुना खळगा नवा वाटतो. त्यामुळे एका वर्षाच्या आकड्याला फार अर्थ नाही. किंमत आहे ती वर्षानुवर्षं त्याच ओढ्यांत चालण्याला.

खाणीचा प्रश्न अमेरिका-कॅनडाच्या संयुक्त आयोगाकडे गेला. आहे त्या स्वरूपात खाणीला मंजुरी देऊ नये, असं आयोगाने १९८८ साली सांगितलं. बुल ट्राउटची अंडी घालण्याची जागा हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. पण तोवर घाव भलतीकडून बसला होता. कोकॅनी सॅमन (तोही बाहेरचाच) धष्टपुष्ट व्हावा म्हणून १९६८ पासून वरच्या काही तलावांत मायसिस सोडली गेली. दिसायला आपल्या जवळ्यासारखी. १९८१ साली ती वाहत येऊन फ्लॅटहेड तलावात सापडली. ती दिवसा तळाशी दडते आणि रात्री वर येते, तर कोकॅनी दिवसा वरच्या पाण्यात नजरेने शिकार करतो. म्हणजे तिला खाणं राहिलं बाजूला, उलट तिनेच त्याचं खाद्य, म्हणजे सूक्ष्म प्राणी, फस्त केले. १९८५ साली मॅकडोनाल्ड ओढ्यात लाखाहून जास्त कोकॅनी चढले होते; १९८९ साली जेमतेम पन्नास. तळाशी राहणाऱ्या लेक ट्राउटच्या पिल्लांना मात्र आयतं जेवण मिळालं. हा मासा १९०५ सालीच आणलेला, ऐंशी वर्षं बेताने होता; आता फोफावला आणि बुल ट्राउटला भारी पडला.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला घरट्यांचे आकडे कोसळले. घसरण किती, हे ठामपणे सांगता आलं ते कोळशासाठी उघडलेल्या वहीत आधीची दहा वर्षं लिहिलेली होती म्हणून. १९९८ साली कोलंबिया खोऱ्यातला बुल ट्राउट केंद्राच्या 'धोक्यातील' यादीत आला, १९९९ साली अलास्का वगळता अमेरिकेतला सगळाच.

दक्षिण फाट्याची कथा मासे वाचवू पाहणाऱ्यांना पचायला जड जाते. १९५३ साली पूर्ण झालेल्या हंग्री हॉर्स धरणाने तलावातल्या माशांची तिकडची वाट कायमची बंद केली. पण त्याच भिंतीमुळे लेक ट्राउटही वर गेला नाही, आणि धरणामागचा बुल ट्राउट आज खालच्यापेक्षा सुस्थितीत आहे.

खाणीचा विषय २०१०-११ मध्ये करार आणि ब्रिटिश कोलंबियाच्या कायद्याने मिटला. तलावात सेलिश आणि कूटेनाय या तिथल्या मूळ रहिवासी जमातींचं प्रशासन मासेमारीच्या स्पर्धा आणि जाळी लावून लेक ट्राउट कमी करू पाहतं. अलीकडे ओढ्याचं पाच लिटर पाणी गाळून त्यातल्या डीएनएवरून मासा आहे की नाही हे कळतं. किती आहेत, हे त्यातून नीट कळत नाही. त्यासाठी अजून शरदात ओढ्यात उतरूनच घरटी मोजावी लागतात.