४८ तासांनी सिनेमा पुसला जात नव्हता

'फ्लेक्सप्ले' ही अमेरिकेतली वापरून टाकायची डीव्हीडी होती, पाकीट फोडल्यावर साधारण ४८ तासच चालणारी. तिच्याबद्दल एक गैरसमज अजून पसरलेला आहे: ४८ तास झाले की प्लेअर तिच्यावरचा सिनेमा पुसून टाकायचा. हे साफ चुकीचं आहे. प्लेअर साधाच असायचा, त्याला यातलं काहीच कळत नसे.

सगळी करामत हवेची. डिस्कचे दोन थर जोडणाऱ्या चिकट द्रव्यात एक रसायन मिसळलेलं असे. हवाबंद पाकीट फोडलं की ऑक्सिजन आत झिरपायचा आणि लालसर डिस्क हळूहळू काळी पडायची. मग लेझरचा लाल प्रकाश त्या काळपटपणातच शोषला जायचा. सिनेमा मात्र आत जसाच्या तसा! म्हणजे पाकीट फोडून डिस्क नुसती टेबलावर ठेवली, तरी ती वायाच जाणार.

डिस्नेने २००३ मध्ये 'ईझेड-डी' नावाने हिचीच चाचणी घेतली.

घोटाळा बहुधा 'डिव्हएक्स' या दुसऱ्याच एका डिस्कमुळे झाला असावा. १९९८ मध्ये आलेल्या त्या डिस्कला खास प्लेअर लागे. पहिल्यांदा लावल्यापासून ४८ तास तोच मोजायचा आणि फोनलाइनवरून हिशोब कळवायचा. ती डिस्क कधी काळी पडत नसे. फ्लेक्सप्लेची काळी पडलेली डिस्क मात्र थेट कचऱ्यात जायची, आणि मला खरा आक्षेप त्यावरच आहे.