न्यूमोकोकसचे आवरण व त्याची जनुके

न्यूमोनिया, मेंदूज्वर व मध्यकर्णदाह घडवणाऱ्या न्यूमोकोकस या जीवाणूभोवतीचा बहुशर्करांचा (शर्करांच्या लांब साखळ्यांचा) थर म्हणजे त्याचे आवरण. पांढऱ्या पेशींनी गिळू नये म्हणून जीवाणूला तो उपयोगी पडतो. शर्करांची रचना बदलली की तिला ओळखणारे प्रतिपिंडही बदलावे लागते, म्हणून रचनेनुसार जीवाणूचे प्रकार पाडतात. असे 100 हून अधिक प्रकार माहीत आहेत.

आवरणाची जनुके बहुतेक प्रकारांत गुणसूत्रावर एकाच ठिकाणी, डेक्स-बी व अलि-ए या जनुकांच्या मध्ये, ओळीने असतात. सुरुवातीची चार जवळजवळ सर्वांत सारखी. पुढची, म्हणजे शर्करा जोडणारी, तयार तुकडे पेशीपटलापार नेणारी व त्यांची साखळी करणारी, प्रकारागणिक वेगळी. प्रकार 37 अपवाद आहे: दुसरीकडच्या एकाच जनुकावर त्याचे भागते.

फरक किती बारीक असतो ते 6ए आणि 6बी या प्रकारांत दिसते. शर्करा जोडणाऱ्या डब्ल्यूसीआय-पी या विकरात 195 व्या जागी सेरीन हे अमिनो आम्ल असेल तर 6ए, ॲस्परजीन असेल तर 6बी. तेवढ्याने साखळीतले ऱ्हॅम्नोज व रिबिटॉल या घटकांचा सांधा एका कार्बनने सरकतो. 6सी तर 2007 पर्यंत 6ए म्हणूनच गणला जाई. प्रकार ओळखायला वापरतात त्या नेहमीच्या, प्रतिपिंडे असलेल्या रक्तद्रवाला दोघांतला फरक कळत नसे.

हा जीवाणू भोवतालचा परका डीएनए आत घेतो. 1928 मध्ये फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी आवरण गमावलेले जिवंत प्रकार 2 चे जीवाणू व उष्णतेने मारलेले प्रकार 3 चे जीवाणू एकत्र करून उंदरांना टोचले. उंदीर मेले आणि त्यांच्या रक्तात जिवंत प्रकार 3 सापडला. बदल घडवणारा पदार्थ डीएनए असल्याचे ॲव्हरी, मॅक्लाउड व मॅकार्टी यांनी 1944 मध्ये दाखवले. पाठ्यपुस्तकांत हा प्रयोग डीएनएच्या नावावर जमा आहे. उंदरांत प्रत्यक्ष घडले ते आवरणाच्या जनुकांचे स्थलांतर.

तेच रुग्णांतही घडते. अमेरिकेत 2000 साली सात प्रकारांवरील लस आली. तिच्यात 19एफ होता, 19ए नव्हता, आणि पुढे 19ए बळावला. त्यांतल्या काही जीवाणूंचा वंश प्रकार 4 चा होता, आवरण तेवढे 19ए चे. पेनिसिलिनरोधाशी संबंधित दोन जनुके आवरणाच्या जनुकांच्या जागेच्या दोन्ही बाजूंना असल्याने आवरणाबरोबर औषधरोधही येऊ शकतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या, भारतात 2020 मध्ये आलेल्या दहा प्रकारांच्या लसीत 6ए व 19ए दोन्ही आहेत.