होर्मुझची धास्ती आणि ठाण्यातली गच्ची

उरणच्या मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्याकडे निघालं की मुंबई बंदरातल्या जवाहर द्वीपाला लागलेले तेलाचे टँकर दिसतात. तिथलं कच्चं तेल समुद्राखालच्या पाइपलाइनने माहुलच्या रिफायनऱ्यांत जातं. भारत गरजेच्या 85 टक्क्यांहून जास्त कच्चं तेल आयात करतो आणि त्यातला मोठा वाटा इराण आणि ओमानमधल्या होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येतो. ही सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी जेमतेम 33 किलोमीटर आहे. ठाणे ते सीएसएमटी रेल्वेचं अंतर साधारण तेवढंच.

युद्धाची धास्ती मोजताही येते. डारिओ काल्दारा आणि मात्तेओ याकोव्हिएलो या अमेरिकी फेडरल रिझर्व्हच्या अर्थतज्ज्ञांनी वृत्तपत्रांत युद्ध, दहशतवाद, धमक्या यांवरचे किती लेख येतात ते मोजून निर्देशांक तयार केला. 1990-91चं आखाती युद्ध, 2001चा न्यूयॉर्कवरचा हल्ला, 2022चं युक्रेन युद्ध, या प्रत्येक वेळी त्याचा आलेख उसळलेला दिसतो.

धास्ती वाढली की तेल आयात करणारे देश सूर्य-वाऱ्याकडे वळतात, असं सर्रास म्हटलं जातं. डेन्मार्कच्या बाबतीत ते खरंही आहे: 1973च्या अरब देशांच्या तेलबंदीने हादरलेला तो देश पुढे पवनऊर्जेत अग्रेसर झाला. पण तीच धास्ती उलटही वागते. तेल भडकलं की आयातीचं बिल फुगतं, रुपया घसरतो, महागाई चढते आणि मग व्याजदर वाढतात. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे बँकांना ती ज्या दराने कर्ज देते तो, 4 वरून 6.5 टक्क्यांवर नेला. औष्णिक केंद्राला कोळसा रोज विकत घ्यावा लागतो. सौर पॅनेलचा जवळजवळ सगळा खर्च पहिल्याच दिवशी होतो. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सोसायटीने कर्ज काढून गच्चीवर पॅनेल बसवले, तर त्या विजेचं युनिट कितीला पडणार हे उन्हाइतकंच बँकेच्या हप्त्यावर ठरतं.

पॅनेल तरी कुठे आपले, असं कुणी विचारेल. पॅनेलनिर्मितीच्या प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा 80 टक्क्यांच्या वर आहे, हे खरं. पण टँकर अडला तर काही आठवड्यांत टंचाई होते. पॅनेलची बोट अडली तर नवा प्रकल्प लांबतो, आधी बसवलेले पॅनेल मात्र वीस-पंचवीस वर्षं चालतच राहतात. मला व्याजदराची काळजी त्याहून जास्त वाटते.

आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते. भारतात तेलापासून वीज जवळजवळ बनतच नाही. सोसायटीची लिफ्ट आणि पाण्याचा पंप सौर विजेवर गेले तर वाचतो तो मुख्यतः कोळसा. विजेवर धावणाऱ्या लोकललाही होर्मुझशी फारसं देणंघेणं नाही. तेल वाचतं ते नवी मुंबईच्या एनएमएमटीची डिझेल बस जाऊन विजेची आली, किंवा स्कूटर पंपाऐवजी प्लगला लागली, की. त्यामुळे सर्वसाधारण सभेत गच्चीवरच्या पॅनेलला एकमताने मंजुरी देऊन पार्किंगमधल्या चार्जरचा विषय पुढे ढकलला, तर कॉमन मीटरचं बिल कमी होईल, आयातीचं नाही.