अनोळखी नंबरामागचं नाव : पार्श्वभूमी

लँडलाइनच्या काळात नंबरवरून माणूस नाही तरी गाव कळायचं. ०२४६२ नांदेड, ०२३८२ लातूर, ०२४५२ परभणी. मोबाइल आला आणि गावही गेलं, कारण मुंबई वगळता सगळा महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच सर्कल, म्हणजे मोबाइल सेवेचा विभाग. सुरुवातीच्या आकड्यांवरून कंपनी आणि सर्कल सांगणारे तक्ते मग इंटरनेटवर आले. जानेवारी २०११ मध्ये नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची मुभा देशभर मिळाली, जुलै २०१५ पासून सर्कलही बदलता येऊ लागलं. तरी ते तक्ते अजून फिरतातच. ऊसतोडीला कर्नाटकात गेलेल्या केजच्या मजुराने तिकडे घेतलेलं सिम पुढे इकडे पोर्ट केलं, तरी तक्त्यात तो कर्नाटकातच.

त्यानंतर फोन करणाऱ्याचं नाव दाखवणारे ॲप आले. त्यांच्याकडे सरकारी यादी नव्हती. लोकांनी सेव्ह केलेली नावं आणि ‘स्पॅम’ म्हणून केलेल्या तक्रारी, हाच त्यांचा कच्चा माल. म्हणून ‘जेसीबीवाला’, ‘मोंढा आडत’, ‘लाइनमन नवीन’ अशी नावं दिसतात. बंद पडलेला नंबर किमान ९० दिवसांनी दुसऱ्याला मिळतो, पण ॲपमधलं नाव जुन्याच मालकाचं राहू शकतं.

खरा वाद पुढचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये दूरसंचार नियामकाने (ट्राय) शिफारस केली की सिमच्या फॉर्मवरचं नाव फोन घेणाऱ्याच्या स्क्रीनवर दिसावं, पण ज्याने ही सेवा मागितली त्यालाच. दूरसंचार खात्याचं म्हणणं उलट होतं: सगळ्यांना आपोआप द्या, नको असेल तो बंद करून घेईल. ऑक्टोबर २०२५ मध्ये नियामकाने ते मान्य केलं. हेच योग्य झालं. फसवणुकीला सगळ्यात आधी बळी पडणारा माणूस सेवा सुरू करा म्हणून अर्ज करायला जाणार नव्हता. मात्र २जीवर चालणारे साधे फोन सध्या यातून बाहेर आहेत, आणि ते वापरणारी म्हातारी माणसं वाड्या-तांड्यांवर कमी नाहीत.

दुसरी अडचण फॉर्मचीच. एका माणसाच्या नावावर ९ सिम चालतात, आणि आपल्याकडे घरातली सगळी सिमं वडिलांच्या नाहीतर थोरल्या भावाच्या आधारवर निघतात. संभाजीनगरला शिकणारी मुलगी फोन करणार, दिसणार वडिलांचं नाव. जिचं सिम स्वतःच्या नावावर आहे, तिचं पूर्ण नाव पार्सलवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना कळणार. हा आक्षेप चर्चेत असायचा, पण त्याला वजन कमीच मिळालं.

स्वतः इंटरनेटवर शोधायचं असेल तर नंबर अवतरणचिन्हांत तीन प्रकारे टाकून पाहावा: सलग दहा आकडे, ५-५ तोडून, आणि पुढे +९१ लावून. यूपीआय ॲपमध्ये नंबर टाकला की बहुतेक वेळा बँक खात्यावरचं नाव येतं; तिथेच थांबायचं, रक्कम टाकायची नाही. शोधात सापडलेला ‘कस्टमर केअर’ नंबर मात्र वापरू नये, असे खोटे नंबर मुद्दाम पेरलेले असतात. स्क्रीनवर दिसणारा नंबरही बनावट असू शकतो, त्यामुळे नाव जुळलं एवढ्यावरून ओटीपी देऊ नये. १४० ने सुरू होणारा फोन जाहिरातीचा. १६०० ही मालिका बँका, विमा आणि सरकारी कामासाठी. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन. नुसता संशयास्पद कॉल असेल तर दूरसंचार खात्याच्या ‘संचार साथी’ पोर्टलवरच्या ‘चक्षू’ या तक्रार-सुविधेत तक्रार.