शिव, पाणंद आणि वहिवाट : खान्देशातील रस्ता-अडवणुकीच्या वादांची पार्श्वभूमी

रावेर-यावल पट्ट्यात केळीचा बाग कापणीला आला की मालाची गाडी बांधापर्यंत यावी लागते. ती आली नाही तर घड डोक्यावर वाहून सडकेपर्यंत न्यावे लागतात, साल काळवंडते आणि भाव पडतो. म्हणूनच शेजाऱ्याने वाटेत आडवी चारी खोदली किंवा बाभळीच्या काट्या टाकल्या की भांडण लवकरच तहसील कचेरीत पोहोचते. तिथे वाट कोणाच्या मालकीच्या जमिनीतून जाते, यापेक्षा ती कोणत्या प्रकारची आहे आणि नेमकी कधी अडवली गेली, या दोन गोष्टींना अधिक महत्त्व असते. याचे कारण असे की रस्त्यांविषयीचे आपले कायदे एकाच वेळी झालेले नाहीत. ते थरांवर थर चढत गेले आणि प्रत्येक थर वेगळ्या प्रकारचा पुरावा मागतो.

1818 मध्ये खान्देश इंग्रजांच्या ताब्यात गेला, तोवर गावची शिव, म्हणजे हद्द, आणि गाडीवाट गावाच्या स्मरणात असे आणि शिवेच्या वादात वतनदार महाराची साक्ष मोलाची मानली जाई. ही माहिती कागदावर आली ती इंग्रजी अमलातील जमीन मोजणीमुळे. मोजणी म्हणजे सारावाढ, या धास्तीने 1852 मध्ये सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांतील शेतकऱ्यांनी तिला उघड विरोध केला. तो मोडून काढण्यात आला आणि पुढे गावोगावचे नकाशे तयार झाले. मोजणीची साखळी 33 फुटांची, तिचे 16 भाग, त्यांना आणे म्हणत. नकाशातील पायवाट एका तुटक रेषेने दाखवतात आणि तिची रुंदी सव्वाआठ फूट, म्हणजे साखळीचे चार आणे, धरली जाते. गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने दाखवतात आणि त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरतात. आज जेसीबी उभा करून रस्ता किती मोकळा करायचा, हे ठरवताना आधार घेतला जातो तो या जुन्या साखळीचाच.

परंतु नकाशात जे आले ते प्रामुख्याने गावाला गाव जोडणारे रस्ते. एका शेतकऱ्याने दुसऱ्याच्या बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या बैलगाडी नेली, तर ती वहिवाट बहुतेक ठिकाणी कागदाबाहेरच राहिली. पुढे 1947 च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली गट पडले, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, आणि जुन्या नकाशातली वाट नव्या गटात नेमकी कुठे बसते, हा एक स्वतंत्र वाद होऊन बसला.

1879 च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने सार्वजनिक रस्ते सरकारचे ठरवले. सध्याच्या 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत तेच तत्त्व कलम 20 मध्ये आहे. त्यालाच लागून असलेले कलम 21 मात्र फारसे कोणी वाचत नाही. लोकांना आता गरज न उरलेला सार्वजनिक रस्ता बंद करायचा असेल तर तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा आहे, आणि तोही नोटीस काढून व हरकती ऐकूनच वापरता येतो. दोन्ही बाजूंची जमीन आपलीच आहे म्हणून मधली पाणंद, म्हणजे शेतांमधून जाणारी सार्वजनिक वाट, नांगरून टाकणाऱ्याला, किंवा जळगाव, धुळे या शहरांच्या वेशीवर प्लॉट पाडताना ती कुंपणात घेणाऱ्याला, हा अधिकार कोणत्याही कायद्याने दिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1965 मध्ये उत्तर प्रदेशातील (आता उत्तराखंड) मंगलौर नगरपालिकेच्या खटल्यात तर रस्त्याच्या कडेची, रस्त्यासाठीच वापरात असलेली पट्टीही रस्त्याचाच भाग मानली आणि तिथे नगरपालिकेलाही पुतळा किंवा वाचनालय उभारता येणार नाही, असे ठरवले.

शेतकऱ्याच्या रोजच्या कामाचा कायदा मात्र 1906 चा मामलतदार न्यायालय कायदा. योगायोग असा की जुना खान्देश जिल्हा विभागून पूर्व आणि पश्चिम खान्देश झाला तोही याच वर्षी. 1876 च्या कायद्याच्या जागी आलेल्या या कायद्याच्या कलम 5 खाली तहसीलदार शेताकडे जाणाऱ्या रूढ वाटेतील अडथळा दूर करू शकतात. वाट नकाशात असलीच पाहिजे असे नाही, ती चालू वापरात होती हे दिसले पाहिजे. पण दावा अडवणुकीपासून सहा महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. भाऊबंदकीत दोन पंचमी-दिवाळ्या समजुतीत घालवून मग कचेरीत येणारा माणूस इथेच हरतो, मग त्याची बाजू कितीही खरी असो.

मुळात वाटच नसेल तर जमीन महसूल संहितेचे कलम 143 लागू होते. त्याखाली तहसीलदार बांधावरून, म्हणजे सर्व्हे नंबरांच्या हद्दीवरून, नवा रस्ता देऊ शकतात. शेताच्या मधून नाही. त्या निर्णयाविरुद्ध एका वर्षाच्या आत दिवाणी दावा करता येतो. मामलतदार कायद्याचे कलम 5 आणि संहितेचे कलम 143 यांची गल्लत ही माझ्या मते अशा प्रकरणांतली सर्वांत महागडी चूक आहे: अर्जात रस्ता ‘अडवला’ असेही लिहायचे आणि शेवटी ‘नवीन रस्ता मिळावा’ अशी मागणीही करायची, म्हणजे पूर्वी रस्ता नव्हता हे आपणच कबूल करण्यासारखे आहे.

दिवाणी न्यायालयात 1882 च्या सुविधाधिकार कायद्याखाली वीस वर्षांचा उघड, अखंड आणि हक्काने केलेला वापर सिद्ध करावा लागतो. शेजाऱ्याच्या परवानगीने ये-जा केली असेल तर तो हक्क उभा राहत नाही. सार्वजनिक रस्त्याचा अडथळा कार्यकारी दंडाधिकारीही हटवू शकतात, पूर्वी फौजदारी संहितेच्या कलम 133 खाली आणि 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली. मात्र समोरच्याने सार्वजनिक हक्कच नाकारला आणि त्याला विश्वासार्ह पुरावा दिला, तर हक्काचा निर्णय होईपर्यंत ती कारवाई थांबते.

अलीकडे शासनाचा भर रस्ते नोंदवण्यावर आणि बांधण्यावर आहे. 2018 ची पालकमंत्री पाणंद रस्ते योजना, 2021 ची मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणि त्यानंतर मे 2025 चा निर्णय, ज्यात शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत व्हावी असे म्हटले आहे. ही नोंद होईपर्यंत वहिवाटीचा पुरावा जुनाच राहतो: स्थळपाहणीचा पंचनामा, लगतच्या खातेदारांचे जबाब आणि काळ्या मातीत उमटलेली चाकोरी, तीही नांगर फिरण्यापूर्वी कोणी पाहून ठेवली असेल तर.