पपनस

पपनस : रूटेसी कुलातील सदाहरित वृक्ष व त्याचे फळ. शास्त्रीय नाव सिट्रस मॅक्सिमा. जुन्या ग्रंथांत सिट्रस ग्रँडिस वा सिट्रस डेक्युमाना. कोकणात तोरंजन असेही म्हणतात. लिंबूवर्गातील हे सर्वांत मोठे फळ. मूलस्थान आग्नेय आशिया, बहुधा मलाया द्वीपकल्प व लगतचा प्रदेश.

ठाणे व साष्टी १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे असल्याने अननस, पपई, काजूप्रमाणे पपनसही त्यांच्याच गलबतांतून येथे उतरले असावे, असा तर्क सहज सुचतो. मात्र ती फळे अमेरिकेतली आणि पपनस पूर्वेकडचे. नावाचा मागही वेगळीकडे नेतो. ‘पपनस’ व तमिळ ‘पंबळिमास’ ही रूपे डच ‘पोंपेलमूस’शी जुळतात. बंगाली ‘बाताबी लेबू’मध्ये तर डचांनी १६१९ मध्ये वसवलेले जावातील बटाव्हिया (आजचे जाकार्ता) सरळ दिसते. डच शब्दाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. तो ‘भोपळा’ व ‘लिंबू’ या अर्थांच्या शब्दांचा जोड असावा, हे एक मत. तरीही नाव आले तेव्हाच फळ आले, असे धरणे घाईचे होईल. हिंदी ‘चकोतरा’ व असमिया ‘रबाब टेंगा’ या नावांचा डच शब्दाशी संबंध दिसत नाही. ईशान्येकडून खुष्कीच्या मार्गाने ते आधीच आले असणे शक्य आहे. साधारण सोळाव्या शतकातील भावप्रकाश या आयुर्वेद ग्रंथातली ‘मधुकर्कटी’ म्हणजे पपनस, असे काही अभ्यासक मानतात. तेथे तिला बीजपूराचाच (महाळुंगाचाच) गोड प्रकार म्हटले आहे; त्यामुळे गोड महाळुंग हा अर्थ अधिक पटतो. ‘तोरंजन’चे मूळ मानला जाणारा फार्सी ‘तुरंज’ही महाळुंगाचाच वाचक.

वृक्ष ५ ते १५ मी. उंच, पानाच्या देठाला रुंद पंख, फुले पांढरी, सुगंधी. फळ साधारण १५–२५ सेंमी. व्यासाचे, बरेचदा १–२ किग्रॅ. वजनाचे, साल जाड व आतून कापसासारखी, गर पांढुरका किंवा गुलाबी-लाल. कडवटपणा मुख्यतः नॅरिंजिन या कडू द्रव्यामुळे. संत्र्या-मोसंब्याच्या बीतून बहुधा मातृवृक्षासारखेच रोप येते. पपनसाच्या बीत मात्र एकच, परागणातून झालेला भ्रूण असतो. म्हणून एकाच फळाच्या बियांपासून वाढलेल्या दोन झाडांचा गर व गोडी सारखी नसते. खात्रीच्या झाडासाठी गुटी कलम करतात किंवा डोळा भरतात. जनुकीय अभ्यासानुसार मोसंबे हे पपनस व संत्रावर्गाच्या संकरातून आले. ग्रेपफ्रूट हा पपनस व मोसंब्याचा संकर अठराव्या शतकात बार्बाडोसमध्ये झाला.

ठाणे परिसरात पपनस परसातले झाड म्हणूनच अधिक परिचित आहे. पावसाळ्यात मुळाशी पाणी साचल्यास डिंक्या रोग (खोडातून डिंक पाझरणे) बळावतो, म्हणून उताराची जागा बरी. गणेशोत्सवाच्या सुमारास ठाण्याच्या जांभळी नाक्यावरील बाजारात पूजेच्या फळांत पपनस दिसते. छटपूजेच्या सुपातही ते ठेवतात. रक्तदाब व कोलेस्टेरॉलवरील काही औषधांचे रक्तातील प्रमाण या फळाने वाढू शकते.